चिकन कॅसरोल आणि वरची बिस्किटं: खालचं उकळतं, वरचं गार

ताई, प्रश्न सगळा वाचला. तुमचं म्हणणं असं की नणंदेची पोरं अमेरिकेतनं सुट्टीला कोल्हापुरात येणारेत, त्यांना बिस्किटं लावलेलं चिकन कॅसरोल (चपात्यांचा डबा नव्हे, दाट सॉसमधलं चिकन भांड्यासकट ओव्हनला लावतात तो पदार्थ) लई आवडतं म्हणून तुम्ही दोनदा करून बघितलं, पहिल्यांदा मारी बिस्किटं चुरून वर घातली तर त्याचा लगदा झाला, दुसऱ्यांदा मैद्याची लावली तर वरनं छान लालसर पण खालनं कच्ची चिकट, आणि आतलं चिकन पाण्यात पोहतंय. ओव्हन २८ लिटरचा ओटीजी. आणि शेवटी विचारलंय की यात आपली कांदा लसूण चटणी घातली तर चालंल का.

मारीचं एका वाक्यात संपवते, तिकडं बिस्कीट म्हणजे मैदा, बेकिंग पावडर, बटर आणि ताकाचा मऊ खारा गोळा, जो कॅसरोलवरच भाजला जातो, त्यामुळं पुड्यातलं कुठलंच बिस्कीट इथं कामाचं नाही. दुसऱ्यांदा तुम्ही केलं ते बरोबरच होतं, फक्त तापमान उलटं झालं. तुम्ही लिहिलंय की चिकनचं मिश्रण दुपारी करून ठेवलं, भांड्यात घालून गार केलं आणि संध्याकाळी त्यावर बिस्किटं ठेवून ओव्हनला लावलं. तिथंच सगळं गेलं बघा. या पदार्थात एकच गोष्ट सांभाळायची, खालचं चिकन रटरटत उकळतं पाहिजे आणि वरचा गोळा फ्रिजमधनं काढल्यासारखा गार पाहिजे. मी राजारामपुरीत बेकिंगचे क्लास घेते, ऑर्डरी पण करते, आणि कॅसरोल बिघडलं म्हणून ज्या बायका विचारायला येतात त्यातल्या बहुतेकींचं इथंच अडलेलं असतं.

का ते सांगते, कारण ते कळलं की रेसिपी बघायची गरज पण फारशी राहत नाही. बिस्किटाला वरनं ओव्हनची धग मिळते पण खालची बाजू ओव्हन भाजतच नाही, ती शिजते खालच्या सॉसच्या वाफेवर. सॉस गार असला तर एवढं मोठं भांडं तापायलाच अर्धा तास जातो, तोवर वरचा रॉड बिस्किटाचा माथा करपवून मोकळा होतो आणि बुडाकडचं पीठ सॉसमधलं पाणी पीत बसतं. त्यात गोळ्यातलं बटर हळूहळू पातळ होऊन खाली उतरतं, मग बिस्कीट फुगत नाही, पसरतं. तेच सॉस उकळता असला तर पीठ टेकल्या टेकल्या खालनं वाफ बसते आणि बूड धरतं, आणि गोळ्यातले बटरचे गार तुकडे ओव्हनच्या धगीत एकदम वितळून त्यातल्या पाण्याची वाफ होते, तीच वाफ पिठाला पदर सोडवते. बेकिंग पावडरचा पण एक जोर पीठ ओलं झालं की निघतो आणि दुसरा गरम झाल्यावर निघतो, तो दुसरा जोर आपल्याला ओव्हनमधे पाहिजे, ओट्यावर नको.

आता चिकन. इथं आपण कोल्हापूरकर नशीबवान आहोत असं मला मनापासून वाटतं, कारण तिकडच्या सोप्या रेसिपीत जो घट्ट सूपचा डबा फोडून ओततात ना, क्रीम ऑफ चिकन वगैरे, तो त्यांना लागतो कारण घरात स्टॉक नसतो. डब्यातलं आटवलेलं सूप कॅम्पबेल कंपनीनं १८९७ मधे काढलं, पुढं १९३१ मधे बिस्क्विक नावाचं तयार बिस्किटाचं पीठ बाजारात आलं, आणि असल्या तयार मालावरच तिथल्या झटपट कॅसरोली उभ्या राहिल्या. आपल्याकडं तांबडा पांढरा रस्सा करायचा म्हटलं की आधी अळणी, म्हणजे हाडासकट चिकन मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, होतंच, आणि ते म्हणजे उत्तम स्टॉक, दुसरं काही नाही. तेव्हा डबा शोधत शाहूपुरीभर फिरू नका.

एक किलो ब्रॉयलर करी कट घ्या, हाडासकट. बोनलेस ब्रेस्ट मागू नका, ते दोनदा शिजून कोरडं भुसा होतं, आणि हाड नसलं तर अळणीला अंगच येत नाही. गावठी कोंबडी पण नको, तिची चव कितीही भारी असली तरी तासभर शिजवून पण ती इथल्या मऊ सॉसमधे दाताला लागते. थोड्या बटरवर आलं लसणाची पेस्ट एक चमचा परता, चिकन घाला, मीठ घाला, पाऊण लिटर पाणी, आणि झाकण ठेवून बारीक गॅसवर २० मिनिटं. कुकरला लावू नका, धागे धागे सुटतात. हळद नेहमीसारखी घालायची सवय असते हाताला, ती इथं टाळा, नाहीतर सॉस पिवळा होतो. चिकन निवलं की हाडावरनं सोडवून मोठे तुकडे ठेवा, बारीक कुस्करू नका, हाडं परत त्याच पाण्यात टाकून अजून अर्धा तास उकळू द्या आणि गाळल्यावर ४०० मिली राहील एवढं आटवा. पोरांना वाटीभर अळणी प्यायला द्यायची असली तर आधीच पाणी जास्त घाला.

भाज्यांचं फार मोठं शास्त्र नाही, एक मोठा कांदा, दोन गाजरं, वाटीभर मटार, मूठभर फरसबी, पाहिजे तर एक बटाटा. हिवाळ्यात कपिलतीर्थ मार्केटला ताजा मटार मिळतो तेव्हा तो, नाहीतर फ्रोझन चालतो. गाजर, फरसबी, बटाटा आधी अर्धेकच्चे उकडून, पूर्ण निथळून घ्यायचे. मश्रूम घालणार असाल तर कोरड्या पॅनमधे पाणी सुटून ते आटेपर्यंत परतून मगच घाला. कोबी आणि ढबू मिरची घालू नका, दोन्ही ओव्हनमधे जाऊन पाणी सोडतात, आणि तुमचं पाण्यात पोहणारं चिकन मला वाटतं त्यातनंच आलंय, कारण तुम्ही ढबू घातली होती असं लिहिलंय.

सॉसला ६० ग्रॅम बटर, ६० ग्रॅम मैदा, ४०० मिली अळणी, २५० मिली दूध. जाड बुडाच्या पातेल्यात बटर वितळलं की कांदा मऊ करा, लाल करायचा नाही, मग मैदा घालून बारीक गॅसवर दोन तीन मिनिटं परता म्हणजे कच्चा वास जातो. मग अळणी थोडं थोडं घालत हलवत राहा, पहिल्या दोन डावांना गोळा होतो, घाबरू नका, पुढं तो सुटतो, अळणी संपलं की दूध. म्हशीचं दूध असलं तर बघून घाला, त्याला स्निग्धांश जास्त असतो, सॉस पटकन जाड होतो, मी ५० मिली मागं ठेवते आणि लागलं तरच घालते. शिजल्यावर सॉस पातळ पिठल्यासारखा पाहिजे, चमच्यावरनं सावकाश ओघळणारा. अजून आटवायचा मोह होईल पण थांबा, ओव्हनमधे अजून थोडा आटतो आणि बिस्किटं पण थोडा ओढून घेतात.

यात मिरी एक चमचा भरून, ताजी कुटलेली. जायफळ चिमूटभर. मिक्स हर्ब्जच्या बाटलीतलं अर्धा चमचा घातलं तर पोरांना ओळखीची चव लागेल, नसलं तरी काही अडत नाही. मीठ मात्र शेवटी आणि चाखून, कारण अळणीत मीठ आहे, आपल्याकडचं पिवळं बटर पण बहुतेक खारंच असतं आणि बिस्किटात पुन्हा मीठ जाणार आहे. काहीजण सॉसला जाडपणा यावा म्हणून पाकिटातली सूप पावडर घालतात किंवा मैद्याऐवजी नुसता कॉर्नफ्लॉवर, मला दोन्ही पटत नाही, पावडरनं खारट होतं आणि कॉर्नफ्लॉवरचा सॉस जास्त वेळ उकळत ठेवला की पुन्हा सैल पडायला लागतो. मैद्याचा सॉस ओव्हनची धग जास्त चांगली सोसतो.

चिकन आणि भाज्या सॉसमधे घालून पातेलं बारीक गॅसवर झाकून ठेवा आणि आता ओव्हन लावा, दोन्ही रॉड चालू, २०० डिग्री, पंधरा मिनिटं तरी प्रीहीट. छोट्या ओटीजीत लाईट विझला म्हणजे हवा तापली एवढंच, भिंती तापायला अजून पाच मिनिटं द्या. प्लग १६ अँपियरच्या सॉकेटलाच लावा, टीव्हीच्या बोर्डावरच्या छोट्या सॉकेटला मल्टीप्लग लावून एवढा ओव्हन चालवणं धोक्याचं आहे.

ओव्हन तापतोय तोवर बिस्किटं. २५० ग्रॅम मैदा, त्यातले दोन मोठे चमचे काढून त्याजागी दोन चमचे कॉर्नफ्लॉवर. हे मी मुद्दाम सांगते कारण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत बिस्किटाला मऊ गव्हाचा, कमी प्रोटीनचा मैदा वापरतात आणि आपला मैदा त्यामानानं चिवट असतो. त्यात सपाट तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, बटर खारं असलं तर मीठ पाव चमचा, एक चमचा साखर, सगळं दोनदा चाळून घ्या. बेकिंग पावडरचा डबा गेल्या दिवाळीचा असला तर आधी अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर नवीन आणा, तिथं काटकसर करू नका.

८० ग्रॅम बटर, दगडासारखं गार, बारीक चौकोनी तुकडे करून पुन्हा दहा मिनिटं फ्रीझरला. कोल्हापुरात एप्रिल मे मधे स्वयंपाकघर तापलेलं असतं, तेव्हा मैद्याचं भांडं पण फ्रिजला ठेवा. बटर मैद्यात टाकून बोटांच्या टोकांनी चुरा, तळहात लावू नका, तळहाताची ऊब जास्त लागते. मटाराएवढे काही तुकडे दिसत राहिले पाहिजेत. आपल्याला नानकटाईचं पीठ फेसून फेसून मऊ करायची सवय, इथं नेमकं ते करायचं नाही. घरचं लोणी वापरणार असाल तर ते आधी दोन पाण्यातनं काढा आणि घट्ट पिळून फ्रिजला लावा, त्यातलं ताकपाणी राहिलं तर मोजमाप बिघडतं.

तिकडच्या रेसिपीत बटरमिल्क लिहिलेलं असतं आणि आपण रवीनं घुसळलेलं पातळ ताक ओततो, पीठ सैल होऊन जातं. तिकडचं बाटलीतलं बटरमिल्क घट्ट असतं. म्हणून १२० ग्रॅम घट्ट आंबूस दही आणि ४० मिली गार दूध एकत्र फेटा, ते बरोबर त्याच्यासारखं होतं, आणि दह्याची आंबट बाजू सोड्याला उठवते. हे एकदम न ओतता आधी तीन भाग घाला, काट्या चमच्यानं हलवा, मग लागेल तसं. पावसाळ्यात मैदा आधीच दमट असतो, जुलै ऑगस्टमधे आपल्याकडं दोन चमचे कमीच लागतं असा माझा अनुभव आहे. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. पीठ खडबडीत, थोडं चिकट, अजिबात सुबक नाही असं दिसलं पाहिजे. चपातीच्या कणकेसारखं मळलंत की रबर झालं म्हणून समजा.

ओट्यावर पीठ भुरभुरवून हातानंच थापा, एकदा घडी घाला, वळवा, पुन्हा घडी, पुन्हा थापा, एवढं तीन वेळा. पदर येतात. दोन सेंटीमीटर जाड ठेवून स्टीलच्या छोट्या वाटीनं किंवा ग्लासनं पाच सेंटीमीटरचे गोल सरळ दाबून काढा, वाटी फिरवू नका, फिरवली की कडा चिकटतात आणि बिस्कीट एका बाजूला कलंडून फुगतं. आठ नऊ होतात. ताटलीत ठेवून सरळ फ्रीझरला, दहा मिनिटं. तेवढ्यात चिकनचा गॅस मोठा करा.

आता हात चलाख पाहिजेत. दोन लिटरचं बोरोसिलिकेट काचेचं भांडं किंवा नऊ इंची केकचा ॲल्युमिनियमचा डबा घ्या. काचेचं असलं तर ओल्या कडप्प्यावर ठेवून त्यात उकळतं ओतू नका, खाली कोरडा जाड टॉवेल घाला. साधी काच असली तर ओव्हनला वापरूच नका. चिकन बुडबुडे येत असतानाच ओता, वर तीन सेंटीमीटर तरी जागा सोडा, लगेच गार बिस्किटं वर ठेवा, दोन बिस्किटांत बोटभर अंतर. हे अंतर महत्त्वाचं आहे, त्यातनं वाफ बाहेर पडते, सगळं झाकून टाकलंत तर वाफ आत कोंडून बुडं ओलीच राहतात. माथ्याला दूध लावा. अंड्याची गरज नाही, गोळ्यात पण नाही, माथ्याला पण नाही.

मधल्या रॅकवर २०० डिग्रीला २५ ते २८ मिनिटं. भांड्याखाली एक ट्रे ठेवा, सॉस कडेनं उतू जातो. ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो त्यामुळं १५ मिनिटांतच रंग आला असं दिसेल, फसू नका, वर फॉईल सैल टाका आणि वेळ पूर्ण करा. झालं का ते रंगावरनं ठरवायचं नाही, मधलं एक बिस्कीट चमच्यानं थोडं उचला आणि त्याचं बूड बघा, ओलसर असेल पण पांढरं चिकट पीठ दिसता कामा नये. थर्मामीटर असला तर चिकनच्या मधोमध ७४ डिग्रीच्या वर पाहिजे, उकळतं घातलं असलं तर ते असतंच. काढल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवा, सॉस तेवढ्यात बसतो, आणि पोरांच्या तोंडाला चटका पण बसत नाही.

मधेच लाईट गेली तर, हे आपल्याकडं वळवाच्या पावसात होतंच, दार उघडू नका. पंधरा मिनिटं होऊन गेली असली तर आतल्या धगीवर बरंच शिजतं, लाईट आली की राहिलेला वेळ द्या. पाच सात मिनिटांतच गेली तर भांडं काढून मोठ्या तापलेल्या कढईत स्टँडवर ठेवा, वर झाकण, मध्यम गॅस. भांडं काचेचं असलं तर मात्र हे नको, डबा असला तरच. माथा पांढरा राहील पण बिस्किटं शिजतील, आणि चिकन तर आधीच शिजलेलं आहे, त्याची काळजी नाही. ज्यांच्याकडं ओव्हनच नाही त्यांना मी वेगळंच सांगते, बिस्किटं सव्वा सेंटीमीटर जाड कापा, जाड तव्यावर तूप लावून झाकण ठेवून अगदी बारीक गॅसवर दोन्ही बाजूंनी सहा सात मिनिटं भाजा आणि वाढताना उकळत्या चिकनवर ठेवा. नुसत्या मायक्रोवेव्हमधे मात्र करू नका, कन्व्हेक्शन असलं तर ठीक.

चटणीचं. सॉसमधे चटणी घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. चटणीतलं तेल दुधाच्या सॉसवर तरंगतं, रंग धड तांबडा ना धड पांढरा, आणि कांदा लसणाची चव मिरी जायफळाला मारून टाकते. पण कोल्हापुरात पाहुण्यांना नुसतं फिकं कसं वाढायचं हे पण समजतं. तर चटणी बिस्किटात घाला. मैद्यात एक चमचा कांदा लसूण चटणी आणि मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर, बटर चोळून झाल्यावर. मीठ तेवढं कमी करा. भाजताना त्याचा जो वास सुटतो तो खालच्या सौम्य सॉसबरोबर इतका छान जुळतो की माझ्या ऑर्डरीत आता साध्यापेक्षा हेच जास्त जातं. पोरांसाठी अर्धी साधी आणि अर्धी चटणीची करा, एकाच भांड्यावर दोन्ही बाजूंना. मोठ्या माणसांच्या ताटात शेजारी खर्डा आणि लिंबू मारलेला कांदा असला की भाकरी नाही म्हणून कुणी कुरकुरत नाही.

घरात कुणी माळकरी असलं, तुमच्या सासूबाई माळकरी आहेत असं लिहिलंय, तर त्यांचं वेगळ्या छोट्या भांड्यात करा, अळणीऐवजी गाजर, कांदा, सेलरी नसली तर कोथिंबिरीच्या काड्या उकळून गाळलेलं पाणी, आणि चिकनच्या जागी पनीर आणि मश्रूम. कांदा लसूण पण खात नसतील तर दोन्ही सोडा आणि मिरी आलं वाढवा. डाव वेगळा, ब्रश वेगळा, आणि ओव्हनमधे त्यांचं भांडं आधी लावून काढा.

आदल्या दिवशी काय करून ठेवता येतं हे तुम्ही विचारलं नाही पण पाहुणे येणार म्हणजे लागेलच. अळणी, सोडवलेलं चिकन, उकडलेल्या भाज्या, सॉस सगळं आदल्या दिवशी चालतं, फ्रिजला ठेवा, फक्त दुसऱ्या दिवशी पातेल्यात चमचाभर दूध घालून पुन्हा रटरट उकळायचं आणि मगच भांड्यात. मैद्यात बटर चोळून तो डबा पण फ्रिजला राहतो. दही मात्र आयत्या वेळीच, ओलं पीठ तासभर ठेवलं की पावडरचा पहिला जोर वाया जातो. कापलेली कच्ची बिस्किटं फ्रीझरमधे दगड करून पिशवीत भरली तर पंधरा दिवस टिकतात, तशीच उकळत्या चिकनवर ठेवा आणि चार पाच मिनिटं जास्त द्या.

हे माप सहा जणांचं आहे. दहा बारा माणसं असली तर माप दुप्पट करून एकाच खोल भांड्यात घालू नका, दोन भांडी करा आणि एकामागं एक लावा, २८ लिटरमधे दोन शेजारी बसवली तर हवा फिरत नाही. उरलं तर बिस्किटं वरनं काढून वेगळी ठेवा, दोन दिवसांत संपवा, सॉस पातेल्यात दूध घालून उकळा आणि बिस्किटं झाकण न ठेवता तव्यावर बुडाकडनं गरम करा.